वाऱ्याच्या तोंडी कोण?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



मुलींच्या सायकल-संघाची नायिका कोणी व्हावे, हा प्रश्न इथे निघाला आहे. सर्वांत वेगवान पोर डोळ्यांपुढे येते, ते साहजिकच आहे.

पण लोहा-अहमदपूरवरून लातूरकडे निघाल्यावर समोरून वारा लागला, की पुढची सायकल तो अंगावर घेते आणि पाठीशी असणाऱ्यांचे श्रम वाचतात. म्हणून पुढची जागा पाळीपाळीने घ्यायची. जिच्या पायांत बळ अधिक, तिने तिथे अधिक वेळ राहावे. मात्र मागचीचा दम तुटेल असा वेग धरू नये. पाळी संपली, की मुकाट्याने शेवटी जावे. हुशार पोरीला हे शेवटी जाणेच जड जाते!

नाशिकचे डॉ. हितेंद्र व डॉ. महेंद्र महाजन हे बंधू २०१५ साली 'रेस अॅक्रॉस अमेरिका' शर्यतीत उतरले. वाट सुमारे ४८०० किलोमीटरची, मुदत नऊ दिवसांची. एकाने चालवायची, दुसऱ्याने विसावायचे. अंगात जोर असतानाही पाळी आली, की उतरून शर्यत भावाच्या हाती द्यायची. दोघांनी ती मुदतीत पुरी केली.

तेव्हा निवडीआधी मुलींना एकदा लोह्यापर्यंत जाऊ द्या. सोबत पंक्चरचे सामान द्या. सर्वांत शेवटच्या मुलीबरोबर कोण पोचले, तेवढे मला कळवा.