आधी धंदा सांग

बालगृहात वाढलेल्या मुलाला आपली दुःखाची कहाणी सांगायला शिकवावं लागत नाही. ती त्यानं लहानपणापासून सांगितलेली असते. बालकल्याण समितीपुढं, बदलून आलेल्या अधीक्षकांपुढं, आपल्या मुलाच्या वाढदिवसाला खाऊ घेऊन आलेल्या पाहुण्यांपुढं. वडील कधी गेले, आईशी ताटातूट कुठं झाली, स्टेशनवर किती रात्री काढल्या. ऐकणाऱ्याचे डोळे भरून येतात आणि मुलाच्या हातावर काहीतरी पडतं. पुढं अठरा वर्षांचा होऊन हाच मुलगा कर्जासाठी बँकेत जातो, तेव्हा तिथंही तो तेच सांगतो. टेबलापलीकडचा अधिकारी काही निर्दय नसतो. पण त्याला कळायला हवं असतं ते वेगळंच. काय विकणार, कुणाला विकणार, हप्ता कशातून भरणार?

पनवेल परिसरातल्या तरुण मुलामुलींना मी चारचौघांत बोलायला आणि आपला लहानसा धंदा दुसऱ्याला पटवून द्यायला शिकवते. काही बालगृहातून बाहेर पडलेली आहेत. काही कातकरी वाड्यांवरची आहेत. दिवाळी झाली की आईबाप उचल घेऊन वीटभट्टीवर जातात, ते पावसाच्या तोंडावर परततात. त्यांच्याबरोबर गेलेल्या मुलाचं शाळेचं अर्धंअधिक वर्ष बुडतं, आणि दोनतीनदा असं झालं की शाळाच सुटते. काही मुलं जुन्या गावठाणांतली आहेत. त्यांच्या घरी जमिनीचा पैसा आला आणि गेला, शेती मात्र परत आली नाही.

एक मुलगी आठवते. कर्नाळ्याच्या बाजूला महामार्गाच्या कडेला आईबरोबर रानभाज्या विकायची. वर्गात उभी केली की मान खाली. स्वतःचं नावसुद्धा पुटपुटायची. एकदा तिला म्हटलं, भाषण राहू दे, मला शेवळं वीक. तिनं मान वर केली. कोवळी शेवळं कशी ओळखायची, वरचं कुठलं काढून टाकायचं, बरोबर काकडाची फळं का घ्यायची, नाही घेतली तर घसा कसा खाजतो, हे तिनं एका दमात सांगितलं. मी मुद्दाम घासाघीस केली, तर तिनं भाव सोडला नाही.

पुढचं काम प्रश्नांचं होतं. जुडीमागं सुटतात किती? संध्याकाळपर्यंत कोमेजून फेकावी लागतात किती? गाडीभाड्याला जातात किती? शेवळांचा हंगाम थोड्या आठवड्यांचा, मग टाकळा, कुर्डू, भारंगी. पण पावसाळा संपल्यावर काय? यातली बरीच उत्तरं तिच्याकडं होती, कुणी विचारलीच नव्हती म्हणून ती सांगितली गेली नव्हती. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर तिनं आईशी आणि वाडीतल्या बायकांशी बोलून आणलं. कुठल्याही छोट्या धंद्याचा आराखडा यापेक्षा फार वेगळा नसतो.

आपल्याकडं वक्तृत्वाची परंपरा मोठी आहे. न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेनं पुण्यात १८७५ साली सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला हे तिचं मानाचं स्थान. पण शाळांतल्या स्पर्धांत ती परंपरा पाठांतरावर आली आहे. ठरलेला विषय, सुरुवातीला सुभाषित, शेवटी टाळ्या. त्या साच्यात माझी मुलं बसत नाहीत, आणि बसवूही नयेत असं माझं मत आहे. आगरी बोलणारा मुलगा प्रमाण मराठीच्या भीतीनं गप्प होतो. त्याचा उच्चार सुधारत बसण्यापेक्षा त्याचा हिशेब पक्का करावा.

याच भागाचा इतिहास मी मुलांना सांगते. १९७०पासून नवी मुंबईसाठी ठाणे, पनवेल आणि उरणच्या गावांची जमीन घेतली गेली. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले. जानेवारी १९८४मध्ये दास्तानफाट्याला आणि नवघरला झालेल्या गोळीबारांत पाच जणांनी प्राण गमावले. त्यातून घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याचं तत्त्व आलं. हा आकडा आजही इथं घराघरांत पाठ आहे. तुमचे आजोबा सभेत आपल्याच बोलीत बोलत होते, आणि शेवटी गोष्ट आकड्यावर आली होती, एवढं मुलांच्या लक्षात आलं की त्यांचा कणा ताठ होतो.

वर्गात आम्ही टेबल मांडतो. एका बाजूला अर्जदार, दुसऱ्या बाजूला बँकेचा साहेब. दोघंही मुलंच. साहेब झालेल्या मुलानं फोन घ्यायचा, कागद चाळायचे, मध्येच तोडायचं, आणि शेवटी म्हणायचं, पुढच्या आठवड्यात या. त्यावर काय बोलायचं? मी सगळ्यांत आधी हेच वाक्य शिकवते: "साहेब, कोणता कागद कमी आहे तेवढं लिहून द्याल का?" या एका वाक्यानं हेलपाटे वाचतात. साहेबाच्या खुर्चीत बसलेल्या मुलाला तर जास्तच कळतं. बँकेला आपल्या पैशाची काळजी का वाटते, हे त्याला खुर्चीतून दिसतं.

मार्ग आहेत. मुद्रा योजनेत शिशु गटाचं कर्ज पन्नास हजारांपर्यंत, विनातारण. राज्याचा मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रम २०१९पासून आहे. जिल्हा उद्योग केंद्रामार्फत अर्ज करता येतो, आणि प्रवर्ग व ठिकाण पाहून प्रकल्प खर्चाच्या पंधरा ते पस्तीस टक्के अनुदान मिळतं. अनाथ मुलांना शिक्षण आणि नोकरीत एक टक्का आरक्षण २०१८मध्ये मिळालं. बाल न्याय अधिनियम, २०१५मध्ये अठरा ते एकवीस वर्षांपर्यंतच्या अनुरक्षणाची, म्हणजे बालगृह सुटल्यानंतरच्या आधाराची, तरतूद आहे. पण एकवीस हे वय फार लवकर येतं. घर असलेल्या मुलाला त्या वयात कुणी बाहेर काढत नाही.

त्याच कायद्याचं कलम ७४ बालकाची ओळख जाहीर करायला मनाई करतं. मी मुलांना त्याचा अर्थ असा सांगते: आपलं बालपण कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हे तू ठरव. कर्जाच्या अर्जात त्याला रकाना नाही.

अर्थात नुसतं बोलता येऊन भागत नाही. १९९२पासून काम करणारा भारतीय युवा शक्ती ट्रस्ट तरुण उद्योजकाला कर्जाबरोबर एक अनुभवी मार्गदर्शकही जोडून देतो. मला ही पद्धत फार मोलाची वाटते, कारण धंदा डळमळतो तो पहिल्या पावसाळ्यात, आणि तेव्हा विचारायला घरात कुणी वडीलधारं नसतं. काम डोळ्यांनी पाहणंही तेवढंच मोलाचं. पनवेलजवळच्या तारा गावी युसूफ मेहेरअली सेंटर या संस्थेनं तेलघाणी, साबण, मातीकाम असे उद्योग उभे केले. माल तयार होताना पाहिलेला मुलगा मालाबद्दल बोलताना अडखळत नाही.

ऑक्टोबर २०२५मध्ये नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन झालं. आसपास दुकानं, गाड्या, खानावळी, दुरुस्तीची कामं वाढणार. त्यात इथल्या मुलांना जागा मिळायची तर त्यांना प्रश्न विचारणारी माणसंही हवीत. म्हणून पनवेल, खारघर, उरण, पेणमधल्या व्यापाऱ्यांना, निवृत्त बँक अधिकाऱ्यांना, हिशेब तपासनीसांना माझी विनंती आहे. जवळच्या बालगृहाच्या किंवा आश्रमशाळेच्या अधीक्षकांना भेटा, रीतसर परवानगी घ्या आणि महिन्यातून एक तास मोठ्या मुलांसमोर ग्राहक म्हणून, बँकेचे साहेब म्हणून बसा. कठीण प्रश्न विचारा. उत्तर येईपर्यंत थांबा. आणि त्यांच्या आईवडिलांबद्दल काही विचारू नका.