कोलंबोचा जून महिना
(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवप्रसंगीं दिलेलें व्याख्यान)



आपल्या देवळाचा इतिहास या स्मरणिकेंत अन्यत्र सविस्तर येत आहे. म्हणून मी समितीच्या अनुमतीनें दुसऱ्याच दोन देवळांविषयीं बोलणार आहें.

सन २०१९ च्या एप्रिलच्या २१ तारखेस, पुनरुत्थानाच्या सणाच्या सकाळीं, श्रीलंकेंतील तीन देवळांत व कोलंबोंतील तीन हॉटेलांत आत्मघातकी स्फोट झाले आणि अडीचशेंहून अधिक माणसें मृत्युमुखीं पडलीं. त्यानंतर आठ आठवड्यांनीं माझें कोलंबोस जाणें झालें. बाणावलीस जन्मलेले संत जोसेफ वाझ डचांच्या छळकाळांत भिकाऱ्याच्या वेषानें त्या बेटावर उतरले व १७११ सालीं कँडी येथें निवर्तले. त्यांच्या पाऊलवाटेनें एकदां जावें, ही माझी जुनी इच्छा. यात्रा आधींच ठरलेली होती. आतां जाऊं नका, असें पुष्कळांनीं सांगितलें. परंतु शेजारच्या घरीं सुतक असतां आपण वाट बदलीत नसतों.

बंदरानजीक कोच्चिकडे येथें संत अंतोनीचें देऊळ आहे. नौदलाच्या लोकांनीं तें दुरुस्त केलें होतें व १२ जून रोजीं तें भाविकांस पुन्हां खुलें झालें होतें. मी गेलों तो मंगळवार, म्हणजे तेथील नवेनाचा वार. दाराशीं बंदूकधारी शिपाई. पिशवी आंत नेण्यास मनाई. आंत नव्या रंगाचा वास इतका उग्र होता कीं, धूपाचा वास कळेना. बौद्ध व हिंदु स्त्रियाही पूर्वींप्रमाणेंच मेणबत्त्या घेऊन आल्या होत्या. मात्र दार वाजलें कीं सगळ्यांच्या माना मागें वळत, आणि, खरें सांगतों, माझीही वळे.

दुसऱ्या दिवशीं नेगोंबोजवळ कटुवापिटिया येथें गेलों. तेथील संत सेबास्तियनच्या देवळांत शंभरांवर माणसें मारलीं गेलीं. रक्ताचे शिंतोडे उडालेली तेथील पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ति वृत्तपत्रांतून साऱ्या जगानें पाहिली आहे. देऊळ तेव्हां बंदच होतें. काम चालू होतें. जवळच नव्या कबरींच्या रांगा. क्रुसावर जन्माच्या तारखा निरनिराळ्या, मृत्यूची एकच.

तेथें एक गृहस्थ माती सारखी करीत होता. त्याची पत्नी व धाकटी मुलगी तेथें निजलीं होतीं. सोबतच्या स्थानिक धर्मगुरूंनीं त्याचें बोलणें मला समजावून दिलें. तो म्हणाला, "फादर, मला क्षमेचें सांगूं नका. आधीं हें सांगा कीं, ज्यांना ठाऊक होतें, त्यांनीं आम्हांला कां कळविलें नाहीं?"

त्याचें विचारणें रास्त होतें. भारतानें ४ एप्रिलपासूनच सूचना दिल्या होत्या. पुढें जानेवारी २०२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें माजी राष्ट्राध्यक्ष सिरिसेना यांस दहा कोटी रुपये भरपाई देण्यास सांगितलें, तें याच हयगयीबद्दल. मे महिन्यांत मुसलमानांच्या दुकानांवर व मशिदींवर हल्ले झाले, तेव्हां कार्डिनल माल्कम रंजित यांनीं आपल्या लोकांस आवरलें. आणि त्याच कार्डिनलांनीं पुढें वर्षानुवर्षें सत्य बाहेर काढा म्हणून सरकारचा पिच्छा पुरविला. या दोहोंत मला विसंगति दिसत नाहीं. सूड नको म्हणणाऱ्यानें न्यायही मागूं नये, असें कोणत्या शुभवर्तमानांत लिहिलें आहे?

त्या गृहस्थास मीं उत्तर दिलें नाहीं. आम्हीं तिघांनीं गुडघे टेकले व मीं मृतांसाठीं प्रार्थना म्हटली. शेवटच्या 'आमेन'ला त्यानें आवाज मिळविला नाहीं. इतक्यांत पावसाची सर आली. मी निघालों, तेव्हां तो आपली छत्री माझ्या डोक्यावर धरून गाडीपर्यंत सोबत आला. स्वतः मात्र भिजत होता.