जुना गेमबॉय पुन्हा चालू करताना

निन्टेन्डोचा गेमबॉय जपानमध्ये १९८९ साली आला. पडदा हिरवट, छटा चारच, अंधारात काही दिसत नाही. पण चार पेन्सिल सेलवर तासन्‌तास चालायचा. तो घडवणारे निन्टेन्डोचे गुन्पेई योकोई यांनी मुद्दामच स्वस्त, रुळलेलं तंत्र वापरलं होतं. म्हणून तो आजही घरच्या घरी दुरुस्त होऊ शकतो.

आधी सेलचा कप्पा उघडा. गळलेल्या अल्कलाइन सेलचा थर स्प्रिंगवर साचला असेल, तर कापसाच्या बोळ्यावर व्हिनेगर घेऊन पुसा आणि नीट वाळू द्या. गेमच्या कॅसेटची टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करा. फुंकर नको! जुनी खोड आहे ती, पण तोंडातल्या ओलाव्यानं धातू गंजतो.

पडद्यावर उभ्या रेषा गायब असतील, तर बहुधा काचेखालच्या लवचिक पट्टीचा सांधा सुटलेला असतो. बाहेरचे स्क्रू तीन पात्यांचे, त्यांना वेगळा पेचकस लागतो. आत त्या सांध्यावरून गरम सोल्डरिंग आयर्न हलक्या हातानं फिरवलं, की अनेकदा रेषा परत येतात.

उजळ पडद्याचे नवे संचही मिळतात. टेट्रिससाठी मला मात्र खिडकीतला उजेड आणि मूळ पडदाच पुरतो.