उसनं घेणं वेगळं, उचलून नेणं वेगळं
(शिबिरातलं बोलणं, थोडं आवरून लिहिलेलं)



दुसऱ्याची कला बघून आपण काढली तर ती चोरी होते का, असं पोरं विचारतात. यावर एक लांबची गोष्ट सांगतो.

न्यूझीलंडात माओरी लोक राहतात. आपल्यासारखेच तिथले मूळचे. समुद्रातल्या दुसऱ्या बेटांवरून त्यांचे वाडवडील होड्यांतून आले, लाकूड कोरायची विद्या घेऊन आले. तिथल्या जंगलात टोटाराचं झाड मिळालं आणि कामाला वेगळं वळण लागलं. त्यांच्या सभाघरात खांबाखांबावर पूर्वज कोरलेले असतात. ती त्यांची वंशावळ. जमिनीशी नातंही ते त्या वंशावळीवरूनच सांगतात.

आधी हत्यारं दगडाची होती. गोरे आले, लोखंडी पटाशी आली. 1840 नंतरच्या दोन-चार वर्षांत राहारुही रुकुपो नावाच्या कारागिरानं थोरल्या भावाच्या आठवणीसाठी मोठं घर कोरलं, लोखंडी पटाशीनं. घराचं नाव ते हाउ की तुरांगा. हत्यार परक्याचं, पण पूर्वज त्यांचेच. पुढं 1887 ला वाइतुही गावी रोंगोपाई हे घर झालं. तिथं पोरांनी रंगानं कुंडीतली झाडं काढली, गोऱ्यांच्या कपड्यातली माणसं काढली. घेतलं बाहेरून, पण काय घ्यायचं ते त्यांनी ठरवलं. याला म्हणायचं उसनं घेणं.

आता दुसरी बाजू बघा. 1867 ला सरकारनं रुकुपोचं घर उखडलं, वेलिंग्टनच्या संग्रहालयात नेलं. रुकुपोनं संसदेकडं अर्ज केला. सरकार म्हणालं, पैसे दिलेत. अरे, पण गाव विकायला तयार होतं का? ते कोण विचारणार?

लोकांनी दावा सोडला नाही. 2004 ला वेटांगी न्यायाधिकरणानं सांगितलं की ते नेणं कराराचा भंग होता. 2012 च्या कायद्यानं घराची मालकी रोंगोव्हाकाटा लोकांना परत मिळाली. 145 वर्षं लागली!

अमेरिकेत तर 1930 च्या दशकापासून दारूच्या हॉटेलात 'टिकी' पुतळे उभे राहिले. टिकी म्हणजे माओरींच्या कथेतला पहिला माणूस. त्याला गिऱ्हाईक खेचायला दारात उभा केला. त्यांना कुणी विचारलंही नाही.

आपल्याकडं वारल्यांच्या लग्नात सवाशिणी चौक काढतात. तसलीच चित्रं आज पिशवीवर, कपावर छापून येतात. म्हणून पोरांना माझं उत्तर असं: शिकायला घ्या, द्या, त्यानं कला वाढते. पण ज्यांची आहे त्यांना विचारून. आणि आपलं कुणी विचारल्याशिवाय नेलं, मग ती जमीन असो की चित्र, तर ग्रामसभेत बसा, ठराव लिहा, अर्ज द्या, पोच घ्या, कागद जपा. रुकुपो घराची मालकी परत मिळालेली बघायला राहिला नाही. त्याच्या लोकांनी बघितलं.

जोहार!