शाळा, साथ आणि पालकांची संमती



कोविड-१९ च्या साथीला आता काही वर्षे लोटली आहेत. शाळांची पटांगणे पुन्हा गजबजली असून ते दिवस हळूहळू विस्मृतीत जात आहेत. परंतु त्या काळात महाराष्ट्रातील लक्षावधी आईवडिलांना जो एक निर्णय घ्यावा लागला, त्याचा शांतपणे विचार होणे अगत्याचे आहे. मुलाला शाळेत पाठवावे की घरी ठेवावे, हा तो निर्णय. एरवी हा प्रश्न उद्भवतच नाही. जून उजाडला, की दप्तर पाठीला लावून मूल शाळेची वाट धरते. साथीच्या काळात मात्र त्यासाठी पालकाला संमतिपत्रावर सही करावी लागली. त्या सहीमागे कोणता विचार होता, ती कोठे विश्वासाने झाली, कोठे अडली, आणि पुन्हा अशी वेळ आल्यास गावाने व शासनयंत्रणेने काय करावे, हा प्रस्तुत भाषणाचा विषय आहे.

बंद आणि पुन्हा सुरू

मार्च २०२० च्या मध्यास राज्यातील शाळा बंद होऊ लागल्या आणि २४ मार्चच्या मध्यरात्रीपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हे घोषवाक्य घेऊन शिक्षण विभागाने काम चालू ठेवले. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवरून ‘टिलीमिली’ या मालिकेद्वारे पहिली ते आठवीचे पाठ घरोघर पोहोचविण्यात आले. जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी पाड्यांत ध्वनिक्षेपकावरून धडे ऐकविण्यात आले. सोलापुरातील एका कामगारवस्तीत घरांच्या भिंतींवर पाठ रंगविण्यात आले. पोषण आहाराचा शिधा कोरड्या स्वरूपात देण्यात आला. ज्या शिक्षकांनी हे केले, त्यांचे श्रम थोडे नव्हते. परंतु शाळेची जागा यांपैकी कशानेही भरून निघाली नाही, हेही त्याच शिक्षकांनी प्रथम ओळखले.

दि. ५ ऑक्टोबर २०२० रोजी केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने शाळा उघडण्यासंबंधी मार्गदर्शक सूचना दिल्या. पालकांची लेखी संमती असेल तरच विद्यार्थ्याने शाळेत यावे व हजेरीची सक्ती करू नये, हे तत्त्व त्यांत होते. महाराष्ट्रात २३ नोव्हेंबर २०२० पासून नववी ते बारावीचे वर्ग उघडण्यास मुभा मिळाली. मात्र स्थानिक परिस्थिती पाहून निर्णय घ्यावयाचा असल्याने मुंबईसह अनेक ठिकाणी शाळा बंदच राहिल्या. २७ जानेवारी २०२१ पासून पाचवी ते आठवीचे वर्ग भरू लागले. तोच दुसरी लाट आली आणि शाळांना पुन्हा कुलपे लागली. त्या वर्षी दहावी-बारावीच्या लेखी परीक्षाही रद्द कराव्या लागल्या.

पुढे १५ जुलै २०२१ पासून ग्रामीण भागात कोविडमुक्त गावांतील आठवी ते बारावीचे वर्ग सुरू झाले. ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी व शहरांत आठवी ते बारावी, तर १ डिसेंबर २०२१ पासून लहान मुलांचे वर्ग उघडण्याचा निर्णय झाला. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे शाळा पुन्हा बंद झाल्या आणि २४ जानेवारीपासून पुन्हा सुरू होऊ लागल्या. याचा अर्थ असा, की जून २०२० मध्ये पहिलीत नाव घातलेले खेड्यातील मूल रीतसर वर्गात प्रथम बसले, तेव्हा ते दुसरीत गेलेले होते आणि त्याही वर्षाचे सहा महिने संपत आले होते.

पालकांच्या मनातील हिशेब

पालक घाबरट होते म्हणून मुले घरी राहिली, अथवा पालक बेफिकीर होते म्हणून त्यांनी मुले पाठविली, असे बोलणे त्या काळी दोन्ही बाजूंनी ऐकू येई. वस्तुतः दोन्ही प्रकारच्या पालकांनी आपापल्या घराचा हिशेब मांडला होता. ज्या घरात दोन खोल्यांत आजी-आजोबांसह सात माणसे राहतात, त्या घरच्या आईला मुलाच्या आजाराइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मुलाने घरी आणलेल्या आजाराची धास्ती होती. एप्रिल-मे २०२१ मध्ये ज्यांनी खाटेसाठी व प्राणवायूसाठी नातेवाइकांची वणवण पाहिली, त्यांना ‘मुलांना फारसा त्रास होत नाही’ हे आश्वासन पुरेसे कसे वाटावे?

दुसऱ्या घरी दोघेही मजुरीवर जातात. मोबाईल एकच, तोही वडिलांबरोबर कामावर. थोरली मुलगी धाकट्यांना सांभाळते, चूल पेटविते, पाणी भरते. सहा महिन्यांत ती या कामात इतकी रुळते, की तिचे शाळेत जाणे घराला परवडेनासे होते आणि मग तिच्या लग्नाची भाषा सुरू होते. अशा घरी शाळा उघडणे म्हणजे मुलीची सुटका होती. दोन्ही घरांचे निर्णय परस्परविरुद्ध, परंतु दोन्ही आपापल्या जागी सयुक्तिक होते.

एकंदर कल कोणीकडे होता, हेही नोंदविले पाहिजे. जुलै २०२१ मध्ये राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पालकांची मते मागविली. सुमारे सात लाख पालकांनी उत्तरे दिली आणि त्यांतील ८० टक्क्यांहून अधिक पालकांनी मुलांना शाळेत पाठविण्याची तयारी दर्शविली. याच सुमारास भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या चौथ्या राष्ट्रीय रक्तपाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सहा ते नऊ वर्षांच्या ५७.२ टक्के, तर दहा ते सतरा वर्षांच्या ६१.६ टक्के मुलांच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली होती. म्हणजे शाळा बंद असूनही निम्म्याहून अधिक मुलांना संसर्ग होऊन गेला होता. लहान मुले हा संसर्ग मोठ्यांपेक्षा चांगल्या रीतीने सोसतात, म्हणून शाळा उघडताना प्राथमिक वर्गांपासून प्रारंभ करणे श्रेयस्कर ठरेल, असे मत परिषदेच्या प्रमुखांनी तेव्हा व्यक्त केले होते. प्रत्यक्षात मोठ्या मुलांचे वर्ग आधी व लहानांचे सर्वांत शेवटी उघडले.

ही माहिती वृत्तपत्रांत आली, परंतु वाडीवस्तीवरील आईपर्यंत समजेल अशा भाषेत ती पोहोचविण्याचे काम अपुरे राहिले. त्यातच ऑगस्ट २०२१ मध्ये १७ तारखेपासून शाळा उघडण्याची घोषणा झाली आणि बालरोगतज्ज्ञांच्या कृती दलाने चिंता व्यक्त केल्यावर ती लगेच स्थगित करण्यात आली. तज्ज्ञांचे ऐकणे योग्यच होते. मात्र घोषणा आधी व सल्ला नंतर असा क्रम झाला, की पालक दोहोंवरचा विश्वास गमावतो.

संमतिपत्राचे दोन अर्थ

संमतिपत्राचा मूळ हेतू पालकाच्या मताला मान देण्याचा होता. सक्ती नको, निवड असावी, ही भूमिका न्याय्य होती. परंतु एकच कागद दोन प्रकारे वाचला जाऊ शकतो. ‘तुमची इच्छा असेल तर मूल पाठवा, आम्ही पुढील काळजी घेऊ’ हा त्याचा एक अर्थ. ‘काही झाले तर जबाबदारी तुमची’ हा दुसरा. ज्या शाळेने कागद केवळ मुलाच्या हाती घरी धाडला, तेथे पालकाने दुसरा अर्थ वाचला तर त्याला दोष देता येणार नाही. जेथे मुख्याध्यापकांनी पालकांना बोलावून बाके कशी मांडली आहेत, हात धुण्याची सोय कोठे आहे, मूल आजारी पडल्यास काय केले जाईल, हे दाखविले, तेथे सहीला पहिला अर्थ प्राप्त झाला.

गावसमितीचा धडा

या दृष्टीने जुलै २०२१ मधील शासननिर्णय अभ्यासण्याजोगा आहे. गावात निदान महिनाभर एकही रुग्ण नसावा, ही अट घालून शाळा उघडण्याचा निर्णय गावावर सोपविण्यात आला. त्यासाठी सरपंचांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावयाची होती. तलाठी, ग्रामसेवक, वैद्यकीय अधिकारी, मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख आणि शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष तिचे सदस्य होते. पालकांशी चर्चा करून ग्रामपंचायतीने ठराव करावयाचा होता. एका बाकावर एक विद्यार्थी, दोन बाकांत सहा फूट अंतर, वर्गात फार तर पंधरा ते वीस मुले, हे नियम होते. शिक्षकांनी शक्यतो त्याच गावी राहावे, अन्यथा सार्वजनिक वाहनाने ये-जा करू नये, अशीही सूचना होती. तालुक्याहून रोज येणाऱ्या गुरुजींबद्दल पालकांच्या मनात जी शंका होती, तिची त्यात दखल घेतलेली होती. पहिल्याच दिवशी राज्यात सुमारे सहा हजार शाळांचे वर्ग भरले.

या पद्धतीत पालकाची सही एकटी राहिली नाही. तिच्या शेजारी सरपंचाची, डॉक्टरची व मुख्याध्यापकाचीही सही आली. जोखीम तीच, परंतु ती वाटली गेली. ज्यांच्याशी रोजची गाठ पडते, त्यांना प्रश्न विचारता येतो, हे पालकाच्या दृष्टीने मोठे बळ होते.

जेथे नियोजन तोकडे पडले

संमती मिळाली म्हणजे मूल शाळेत पोहोचले, असे मात्र होत नाही. याची दोन उदाहरणे पुरेत. साखर कारखान्यांचा २०२१-२२ चा गळीत हंगाम १५ ऑक्टोबर २०२१ पासून सुरू करण्याचे ठरले होते. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणी कामगारांची कुटुंबे याच सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतात. गावात पाचवीच्या पुढचे वर्ग उघडले होते, पण पहिली ते चौथीचे वर्ग १ डिसेंबरपर्यंत बंद होते. लहान मुलाला शाळेच्या भरवशावर आजीजवळ ठेवण्याचा मार्ग त्या आईवडिलांना उरला नाही. वर्ग उघडले तेव्हा त्यांतील पुष्कळ मुले फडावर पोहोचलेली असणार.

दुसरे उदाहरण एस. टी. चे. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास राज्य परिवहन कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला व तो एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. मोठ्या गावच्या शाळेत जाणाऱ्या मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत प्रवासाची सवलत आहे. परंतु बसच न आल्यास सवलतीचा उपयोग काय? संमतिपत्रावर सही करूनही कित्येक मुली घरीच राहिल्या. शाळा उघडण्याचा विचार करताना मजुरीचा हंगाम व रस्ता या दोन्ही गोष्टी निर्णयाचाच भाग मानल्या पाहिजेत.

साथ ओसरल्यानंतर

पालकांनी शाळेवरचा विश्वास सोडला नाही, ही समाधानाची बाब होय. देशाच्या ग्रामीण भागातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालानुसार सहा ते चौदा वयोगटातील पटनोंदणी २०१८ मध्ये ९७.२ टक्के होती. ती २०२२ मध्ये ९८.४ टक्के झाली. परंतु त्याच अहवालातील दुसरा आकडा चिंताजनक होता. दुसरीचा उतारा वाचू शकणाऱ्या तिसरीतील मुलांचे प्रमाण २७.३ टक्क्यांवरून २०.५ टक्क्यांपर्यंत घसरले होते. २०२४ च्या पाहणीत ते पुन्हा २७.१ टक्क्यांवर आले. शिक्षकांनी मनावर घेतले, तर झालेली हानी भरून काढता येते, याची ही साक्ष आहे. तथापि, हे प्रमाण कोठून घसरले होते, हे पाहता तेवढ्यावर संतुष्ट राहता येणार नाही. शिवाय साथीत पहिली-दुसरीत असलेली मुले आता वरच्या वर्गांत आहेत. त्यांचे राहून गेलेले वाचन व गणित भरून काढण्याचे काम आजही वर्गशिक्षकापुढे आहे.

पुढील वेळेसाठी

साथ, पूर अथवा अन्य आपत्तीमुळे शाळा बंद करण्याचा प्रसंग पुन्हा येऊ शकतो. त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याची गरज नाही. शिक्षणहक्क कायदा, २००९ नुसार प्रत्येक संबंधित शाळेत व्यवस्थापन समिती असते. तिच्यातील तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात व निम्म्या सदस्य स्त्रिया असतात. हीच समिती पालकांच्या निर्णयाचे स्वाभाविक व्यासपीठ ठरावी. तिच्या सभा केवळ कागदावर होत असतील, तर आपत्तीच्या वेळी तिच्यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. म्हणून तिला आजच जिवंत केले पाहिजे.

शाळा बंद करताना ती कोणत्या परिस्थितीत पुन्हा उघडेल, हे त्याच ठरावात लिहावे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी पालकसभेत येऊन धोका किती आहे व किती नाही, हे दोन्ही स्पष्ट सांगावे. संमतिपत्रावर पालकाच्या सहीबरोबर शाळेने व ग्रामपंचायतीने करावयाच्या गोष्टी लिहून त्यांखाली मुख्याध्यापक व सरपंच यांनी सही करावी. जो पालक नकार देईल, त्याच्यावर शेरा मारू नये. त्याच्या मुलापर्यंत आठवड्यातून एकदा तरी शिक्षक पोहोचेल, अशी व्यवस्था करावी आणि पालकाला मत बदलण्यासाठी दार उघडे ठेवावे. जी मुले, विशेषतः मुली, पंधरा दिवसांत परतणार नाहीत, त्यांची यादी ग्रामसभेपुढे ठेवून प्रत्येक घरी कोणी जावयाचे, हे नावानिशी ठरवावे.

यांतील एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. वेळ लागतो, आणि घरोघर जाऊन ऐकून घेण्याची तयारी लागते. येत्या पालकसभेच्या विषयपत्रिकेवर हा एक विषय घेऊन प्रत्येक ग्रामपंचायतीने व शाळेने आपला ठराव आधीच तयार ठेवावा, एवढीच या निमित्ताने सर्वांना विनंती आहे.