थंड इंजिनाचा मोह



वेगवान मोटारींचा शौक असणाऱ्या मंडळींत एक प्रश्न वारंवार निघतो. कारखान्याने बसवलेला थर्मोस्टॅट काढून त्याच्या जागी कमी उष्णतामानाला उघडणारा बसवला, तर इंजिनाची शक्ती वाढते काय? वस्तू मुठीत मावेल एवढी लहान, किंमत माफक आणि काम तासा-दीड तासाचे. तेव्हा मोह पडावा यात नवल नाही. ‘यंत्र जितके थंड तितके चांगले’ ही समजूतही आपल्या मनात घट्ट रुजलेली आहे. पण त्या समजुतीपायी हजारो रुपयांच्या इंजिनाचे आयुष्य पणाला लागते, म्हणून ती नीट तपासून पाहिली पाहिजे.

प्रथम थर्मोस्टॅट म्हणजे काय ते पाहू. इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी स्थूलमानाने एक तृतीयांश भाग इंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्यात उतरतो. ते पाणी रेडिएटरमध्ये जाऊन निवते आणि परत येते. या वाटेवर एक झडप असते. तिच्या पोटात धातूची लहानशी डबी आणि डबीत मेण. मेण वितळले की फुगते, दांडा पुढे सरकतो आणि झडप उघडते; मेण निवले की कमान तिला पुन्हा मिटवते. ही मेणाची युक्ती सर्जियस व्हर्नेट या संशोधकाने १९३० च्या दशकात अमेरिकेत सिद्ध केली. त्याआधी पितळी भात्यात लवकर उडून जाणारा द्रव भरून तेच काम करून घेत असत. मेण कोणत्या अंशावर वितळावे हे कारखाना ठरवतो. कोठे ते ९० अंश सेल्सिअस असते, तर कोठे ८२. आणि शौकीन मंडळी बसवतात तो बहुधा ७१ अंशांचा, म्हणजे १६० अंश फॅरनहाइटचा.

या शौकिनांच्या बोलण्यात तथ्य नाही असे मात्र नव्हे. दट्ट्याने हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण दाबले, ठिणगी पडली, की ज्योत एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे शांतपणे पसरावी अशी अपेक्षा असते. परंतु दाब आणि उष्णता मर्यादेबाहेर गेली, तर न जळलेला उरलेला भाग एकदम भडकतो आणि धातूवर हातोडा मारल्यासारखा ठोका ऐकू येतो. यालाच ‘नॉकिंग’ म्हणतात. इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डो यांनी १९२० च्या सुमारास दाब बदलता येणारे इंजिन बांधून या ठोक्याचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला. अधिक शक्तीसाठी अधिक दाब हवा आणि अधिक दाबाबरोबर ठोका येतो, हा पेच तेव्हापासूनचा आहे. आजच्या इंजिनात ठोका ओळखणारे साधन असते. त्याची सूचना मिळताच संगणक ठिणगी उशिरा पाडतो. इंजिन वाचते, पण शक्ती घटते. धातूच्या भिंती जरा निवालेल्या असल्या तर ठोका टळतो, ठिणगी वेळेवर पडते आणि घटणारी शक्ती घटत नाही. थंड थर्मोस्टॅटची बाजू एवढीच, पण ती खरी आहे.

आता दुसरी बाजू पाहू. थर्मोस्टॅट हा पाटाचे दार उघडणाऱ्या पाटकऱ्यासारखा आहे. दार कधी उघडायचे हे त्याच्या हाती. एकदा ते पूर्ण उघडल्यावर पाट जेवढा वाहील तेवढाच वाहणार. थर्मोस्टॅट इंजिनाच्या उष्णतेची खालची मर्यादा ठरवतो. वरची मर्यादा ठरते ती रेडिएटर, पंखा, पंप आणि बाहेरची हवा यांच्यामुळे.

नागपूरच्या मे महिन्यातील ४४ अंशांची दुपार घ्या. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकील हे पाणी आणि हवा यांच्या उष्णतामानातील फरकावर अवलंबून असते. पाणी ९८ अंशांवर असेल तर फरक ५४ अंशांचा. ७१ वर असेल तर केवळ २७ अंशांचा, म्हणजे बरोबर निम्मा. तेव्हा इंजिन ७१ अंशांवर रोखून धरायचे तर सुमारे दुप्पट सामर्थ्याचा रेडिएटर हवा. तो नसेल तर झडप सताड उघडी राहून पाणी आपल्या गतीने तापतच जाईल. उलट दिल्लीतील जानेवारीच्या १० अंशांच्या पहाटे हाच थर्मोस्टॅट इंजिनाला अगदी इमानाने थंड ठेवील. पण त्या वेळी ठोक्याचे भय सर्वांत कमी असते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत!

आणि या थंडाव्याची किंमत मोजावी लागते. जळलेल्या इंधनातून पाण्याची वाफ आणि आम्ले निर्माण होतात. सिलिंडरची भिंत पुरेशी गरम नसेल तर ती तिथे दवासारखी जमतात आणि धातूला खातात. ब्रिटनमध्ये सी. जी. विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात केलेल्या प्रयोगांतून दिसून आले, की थंड सिलिंडर झपाट्याने झिजतो आणि त्या झिजेचे मुख्य कारण घर्षणापेक्षा हे गंजणेच असते. तेलात उतरलेले पाणी उडून जाण्यासही उष्णता लागते. ती मिळाली नाही, तर तेलाचा चिखल होतो. शिवाय संगणकाला इंजिन अजून तापलेले नाही असे वाटले, तर तो पेट्रोल अधिक सोडतो. आपल्याकडे काही मेस्त्री उन्हाळा लागताच थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. त्या गाड्या हिवाळ्यात हेच सारे भोगतात. भाकरी भाजणाऱ्या माउलीला ठाऊक असते, की करपलेली भाकरी वाईट आणि निवलेल्या तव्यावरची कच्ची भाकरीही वाईटच.

मग कारखान्यांनी या पेचातून वाट कशी काढली? १९९२ साली अमेरिकेतील शेव्हरले कंपनीने आपल्या ‘कॉर्व्हेट’ या वेगवान गाडीत ‘एलटी-१’ नावाचे ५.७ लिटरचे, ३०० अश्वशक्तीचे इंजिन बसवले. त्यात पाण्याचा ओघच उलटा केला. रेडिएटरहून आलेले पाणी आधी सिलिंडरच्या माथ्याकडे जाते आणि मग खाली सिलिंडरकडे. ठोका जिथे उद्भवतो तो माथा थंड राहतो आणि झीज जिथे होते त्या सिलिंडरच्या भिंती उबदार राहतात. त्यामुळे दाबाचे प्रमाण दहापटींच्या वर नेता आले. पुढे १९९६ च्या सुमारास जर्मनीच्या बीएमडब्ल्यू कंपनीने आठ सिलिंडरांच्या इंजिनात मेणाच्या डबीलाच विजेची तार जोडली. गाडी संथ चालली असता पाणी शंभर अंशांच्या वर राहू द्यायचे, म्हणजे पेट्रोल वाचते. चालकाने जोर मागितला की विजेने मेण तापवून झडप लवकर उघडायची, म्हणजे ठोका टळतो. शौकीन माणूस एका थर्मोस्टॅटकडून जे मागतो, ते देण्यासाठी कारखान्याला एवढी मांडणी करावी लागली.

म्हणून कमी अंशाचा थर्मोस्टॅट कोणी बसवावा? ज्याचे इंजिन उच्च दाबाचे किंवा सुपरचार्जरचे आहे, पाव मैलाच्या शर्यतीसारखी क्षणभराची दौड ज्याला करायची आहे, आणि जो पंख्यांचे व ठिणगीचे वेळापत्रकही जाणकाराकडून बदलून घेणार आहे, त्याने. पंखे मूळच्या मांडणीप्रमाणे शंभर अंशांनंतरच फिरणार असतील, तर शहराच्या गर्दीत ७१ अंशांची झडप निरुपयोगी. बसवण्याआधी ती पाण्याच्या पातेल्यात दोऱ्याने टांगून चुलीवर ठेवावी आणि उष्णतामापक धरून कोणत्या अंशावर उघडते ते पाहावे. रेडिएटरचे झाकण इंजिन पूर्ण निवाल्याशिवाय उघडू नये. झडपेची दिशा काढतानाच लक्षात ठेवावी, गॅस्केट नवे घालावे आणि पाणी भरल्यावर आत अडकलेली हवा काढावी; कारण हवेचा एक बुडबुडाही माथ्यापाशी अडून बसला, तर साऱ्या खटाटोपावर पाणी पडते.

इतरांनी, म्हणजे रोज कचेरीला जाणाऱ्या आणि सुटीत घाट चढणाऱ्या तुम्हा-आम्हा सर्वांनी, कारखान्याचा थर्मोस्टॅट जागच्या जागी राहू द्यावा. गाडी तापू लागली तर रेडिएटरच्या जाळीतील धूळ, पंखा, पंप आणि पाणी यांकडे आधी पाहावे. काटा ९५ अंशांवर स्थिर दिसला तर घाबरण्याचे कारण नाही; दाबाखालचे पाणी तिथे उकळत नाही. इंजिनाची प्रकृती त्याच उबेत चांगली राहते.