कामगाराची काटकसर



या व्यासपीठावरून मोठमोठी विद्वान मंडळी बोलतात. माझे शिक्षण नववीपर्यंतचे. पुढे जे काही शिकलो ते कारखान्यात आणि युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटापाशी. त्यामुळे अर्थशास्त्राचे सिद्धान्त मांडण्याचा अधिकार मी सांगत नाही. परंतु कामगाराचा पगार हातात कसा येतो आणि हातातून कसा जातो, हे मी तीस वर्षे जवळून पाहत आलो आहे. तेवढ्या शिदोरीवर आज रोजच्या खर्चाविषयी आणि कर्जाविषयी चार शब्द बोलणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. काटकसर हा शब्द आमच्या चळवळीतल्या माणसांना फारसा आवडत नाही, आणि त्याला कारण आहे. ज्यांनी पगार वाढवायचा ते पगार वाढविण्याऐवजी काटकसरीचा उपदेश करीत आले. कामगार उधळ्या आहे, म्हणून तो कर्जात आहे, असे म्हणणे सोपे असते. १९२९ साली सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी एक शाही आयोग नेमला. त्यावर आपले ना. म. जोशी सभासद होते. १९३१ च्या अहवालात त्या आयोगाने लिहिले, की बहुतेक औद्योगिक शहरांत निदान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे कर्जात आहेत आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगाराहून अधिक आहे. आता शंभरांतली सहासष्ट माणसे एकाच वेळी उधळी कशी निघतील? ज्याचा पगार महिना संपेपर्यंत पुरत नाही, त्याच्या घरी आजारपण आले, लग्न निघाले, पगार लांबला, की कर्ज आलेच. त्या काळी रुपयाला महिना एक आणा व्याज सर्रास चाले. वर्षाचा हिशेब केला तर ते शेकडा ७५ होते. असे व्याज भरणाऱ्याला काटकसर शिकवणे म्हणजे ज्याच्या घागरीला भोक आहे त्याला पाणी जपून वाप असे सांगण्यासारखेच आहे.

मग आज मीच काटकसरीची बाजू घेऊन उभा का राहिलो? त्याचे कारण सांगतो. कर्जाने कामगाराचे पैसे जातात हे तर खरेच. परंतु त्याहून मोठी वस्तू जाते. ती म्हणजे ‘नाही’ म्हणण्याची ताकद. ज्याच्या डोक्यावर पाच तारखेचा हप्ता आहे, तो मुकादमाला नाही म्हणू शकत नाही. सोळा तासांची पाळी लावली तरी तो थांबतो. हातमोजे न देता यंत्रावर उभे केले तरी उभा राहतो. सभेला येत नाही, अर्जावर सही करीत नाही. तो भित्रा नसतो. एक पगार चुकला तर काय होईल, हे त्याला ठाऊक असते.

ऊसतोडणी कामगारांकडे पाहा. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि मग सहा महिने ती कोयत्याने फेडायची. उचल फिटली नाही, तर पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाच्या टोळीत. वेठबिगारीची पद्धत कायद्याने १९७६ साली बंद झाली. परंतु कर्जाने माणूस बांधता येतो हे ज्ञान काही त्या कायद्याने नाहीसे झाले नाही. शहरातल्या कंत्राटी कामगाराला मुकादमाऐवजी मोबाइलमधले अ‍ॅप उचल देते, एवढाच फरक.

गिरणगावाचा इतिहासही हेच सांगतो. १९२८ सालचा संप सहा महिने चालला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगार उतरले. अशा लढ्यांत कामगार किती दिवस तग धरतो, हे भाषणांवर ठरत नाही. वाणी किती दिवस उधार देतो, खाणावळवाली किती दिवस थांबते आणि गावाकडून पायलीभर धान्य येते की नाही, यावर ते ठरते. आणि त्या खाणावळवाल्या बायका स्वतः कोणाच्या पैशावर स्वयंपाक करीत होत्या? धान्य भरायला त्या सावकाराकडून कर्ज काढीत. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, तेव्हा पहिले काम हेच केले, की या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले. हात तेच, चूल तीच. व्याज उतरले आणि मिळकत घरात राहू लागली. या उदाहरणातला क्रम ध्यानात ठेवा. आधी व्याज कमी झाले. ताटातली भाकरी कमी करावी लागली नाही.

आता हिशेबाकडे येतो. उदाहरणादाखल एक घर धरू. नवरा कंत्राटी कामगार, बायको चार घरच्या पोळ्या करते. दोघांचे मिळून २४,००० रुपये येतात. कर्जे तीन. ओळखीच्या सावकाराचे २०,००० रुपये, महिना शेकडा पाच. क्रेडिट कार्डाचे ४०,००० रुपये, महिना साडेतीन टक्के आणि त्या व्याजावर १८ टक्के कर. तिसरे, बायकोचे दागिने ठेवून काढलेले ५०,००० रुपये, महिना एक टक्का. हे घर सावकाराला १,००० रुपये व्याज देते, कार्डाचे किमान देय म्हणून २,००० भरते आणि दागिन्यांचे ५०० व्याज भरून मुदत वाढवून घेते. म्हणजे महिना ३,५०० रुपये जातात. परंतु सावकाराचे २०,००० तसेच राहतात. कार्डाचे २,००० भरले, तरी मुद्दल साडेतीनशे रुपयांच्या आसपास उतरते, कारण व्याज आणि कर मिळून साडेसोळाशे त्यातच जातात.

आता रोजच्या खर्चात काय निघते ते पाहू. नाक्यावर दोन चहा आणि एक वडापाव, रोजचे ४० रुपये. डबा नेला आणि एक चहा ठेवला तर ३० वाचतात. २६ दिवसांचे ७८० झाले. तो एक चहा मी मुद्दाम ठेवला आहे. युनियन त्याच चहावर उभी राहते. तंबाखूच्या पुड्या रोज २० रुपयांच्या, महिन्याचे ६००. तीन मोबाइलच्या जागी दोनांचेच रिचार्ज, ३०० रुपये. रोज सुटे तेल-साखर आणि छोट्या पुड्या घेण्याऐवजी पगाराच्या दिवशी यादी करून महिन्याचा किराणा भरला, की ४०० रुपये. रविवारी बाहेरून मागविलेले जेवण बंद, ४२० रुपये. बेरीज २,५०० रुपये. या यादीतून घरातल्या कोणाच्याही पोटाला चिमटा बसलेला नाही.

हे २,५०० रुपये तिन्ही कर्जांवर थोडेथोडे वाटले, तर त्यांचा जोर नाहीसा होतो. ते सगळे सर्वांत महाग कर्जावर टाकायचे. इतर दोहोंना ठरलेले तेवढेच द्यायचे. सावकाराला १,००० ऐवजी ३,५०० गेले, की सातव्या महिन्यात तो मोकळा होतो. मग तेच ३,५०० कार्डाच्या २,००० मध्ये मिळवायचे. दरम्यान कार्ड कपाटात कुलुपात ठेवायचे हे ओघानेच आले. ५,५०० रुपयांप्रमाणे ते कर्ज आणखी नऊ महिन्यांत संपते. पुढे महिना ६,००० रुपये दागिन्यांवर. तेही नऊ महिन्यांत सुटतात. एकूण पंचवीस महिने. दोन वर्षे आणि एक महिना झाला, की त्या बाईचे मंगळसूत्र तिच्या गळ्यात आणि महिन्याचे ६,००० रुपये घराच्या हातात. उत्पन्न एका रुपयानेही वाढलेले नाही, असे धरून हा हिशेब केला आहे.

परंतु काय कापू नये, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मुलांचे दूध, डाळ आणि अंडी कापू नयेत. चालू असलेले औषध तोडू नये; रक्तदाबाची गोळी बंद करून वाचविलेले पैसे पुढे इस्पितळात शंभरपटीने मोजावे लागतात. शाळेची फी आणि पास थांबवू नये. आपल्या घरांत एक वाईट रीत आहे. काटकसर ठरली, की ती गुपचूप बाईच्या ताटापासून सुरू होते. नवऱ्याचा चहा चालू राहतो आणि तिची भाजी कमी होते. म्हणून माझा आग्रह असतो, की कर्जाची वही दोघांसमोर उघडावी. कित्येक घरांत कर्ज किती आहे हेच बायकोला ठाऊक नसते. वसुलीवाला दारात आला की कळते. लपविलेले कर्ज कधी फिटत नाही. कारण ते लपविण्यासाठी दुसरे काढावे लागते.

लग्नकार्याच्या खर्चाविषयी बोलले की माणसे नाराज होतात. पण महाराष्ट्राला हे नवे नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन केला, तेव्हा साधे, कमी खर्चाचे लग्न हा त्या चळवळीचा भाग होता. ज्या लग्नाचे कर्ज पहिले मूल शाळेत जाईपर्यंत फिटत नाही, त्या लग्नातले जेवण कोणाच्याही लक्षात राहिलेले नसते.

आता काटकसरीची मर्यादा. व्याजच जर वाचविता येणाऱ्या रकमेहून मोठे असेल, तर काटकसर करून काही होत नाही. दोन लाखांचे कर्ज शेकडा पाचने असेल, तर महिन्याचे व्याज १०,००० होते. २४,००० च्या घराने उपास केले तरी ते निघणार नाही. तेथे कर्जच बदलले पाहिजे. नोकरदारांच्या पतपेढीचे कर्ज घेऊन सावकार मिटवावा. घरात असलेले किडूकमिडूक विकण्याची लाज धरू नये. आणि कायद्याचा आधार घ्यावा. महाराष्ट्रात २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय सावकारी करणे गुन्हा आहे. त्या कायद्याखाली शेतीखेरीज इतर विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्के अशी मर्यादा घातली गेली. शेकडा पाच महिना म्हणजे वर्षाला ६० टक्के! तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कचेरीत करता येते. एकटा माणूस तेथे जाण्यास कचरतो. म्हणून युनियनने त्याच्याबरोबर जावे.

कार्डाच्या बाबतीत मात्र तसा आधार नाही. ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित प्रथा आहे, असे राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली ठरविले होते. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो निर्णय रद्द केला. तेव्हा येथे स्वतःच सावध राहिले पाहिजे.

कर्ज घेताना एक कागद मागून वाचावा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांच्या अटींचा खुलासा करणारे पत्रक कर्जदाराला द्यावे लागते. त्यात सर्व आकार धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. त्याची गरज का, ते पाहा. ३०,००० रुपये एका वर्षासाठी ‘सरळ १५ टक्क्यांनी’ दिले, तर हप्ता २,८७५ रुपये बसतो. मुद्दल दर महिन्याला उतरते, पण व्याज मात्र पूर्ण ३०,००० वर घेतलेले असते. खरा दर साडेसव्वीस टक्क्यांच्या पुढे जातो. आणि वसुलीवाल्याला सकाळी आठच्या आधी व सायंकाळी सातनंतर फोन करण्याची मुभा नाही, हेही रिझर्व्ह बँकेने २०२२ साली बजावलेले आहे. ऋण घेतले म्हणजे अब्रू गहाण टाकली असे होत नाही.

शेवटी आमच्या संघटनांना सांगायचे आहे. पगारवाढीची मागणी करणे हे आमचे काम आहेच. पण मिळालेली वाढ व्याजात जात असेल, तर आम्ही कारखान्याच्या फाटकावर जिंकलेले सावकाराच्या ओट्यावर हरतो. जेथे युनियन आहे तेथे पतपेढी हवी. १९६० च्या सहकारी संस्था कायद्याने सभासदाच्या संमतीने पगारातून हप्ता कापून पतपेढीला देण्याची सोय केली आहे, ती वापरावी. मासिक पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाला पाहिजे, असे वेतन संहिता सांगते आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. कंत्राटदार पगार लांबवितो आणि कामगार तेवढे दिवस भरून काढण्यासाठी उधार आणतो. ते व्याज वास्तविक कंत्राटदाराने द्यायला हवे. म्हणून वेळेवर पगार मिळविणे हीसुद्धा कर्जनिवारणाची मोहीम आहे. आणि पगाराच्या दिवशी तासभर युनियनच्या कचेरीत वह्या घेऊन बसावे. ज्याला हिशेब येतो त्याने ज्याला येत नाही त्याला शिकवावा.

बंधूंनो, काटकसर करून कामगार श्रीमंत होईल असे मी कधी म्हणणार नाही. श्रीमंतीचे मार्ग वेगळे आहेत आणि ते आपल्या आळीतून जात नाहीत. परंतु ज्याच्याकडे दोन महिन्यांचा किराणा आहे आणि ज्याच्या नावावर कोणाचा हप्ता नाही, तो माणूस साहेबासमोर वेगळ्या आवाजात बोलतो. तो आवाज आपल्याला हवा आहे. त्यासाठी पंचवीस महिने एक वडापाव कमी खावा लागला, तर तो सौदा महाग नाही.